व्याह्यांना मारलेला डोळा

चहा घ्या आधी, गार होईल. आणि हसायचं असेल तर मोकळेपणाने हसा, कारण माझी जी काही अब्रू जायची होती ती रोह्यापासून पेणच्या रामवाडीपर्यंत केव्हाच जाऊन परत आलेली आहे. सत्तरीला टेकलेल्या बाईने भर पंगतीत सख्ख्या व्याह्यांना डोळा मारला, असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल? माझाही बसला नसता. पण तो डोळा माझाच होता.

तसं बघाल तर माझं वागणं एकदम सरळ. धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्या माणसांना मी कित्येक वर्षं डबे दिले. सकाळच्या शिफ्टचे, रातपाळीचे. बसमधून, मोटरसायकलवरून माणसं यायची, डबा उचलायची. मान वर करून कुणाकडे बघायला सवड नव्हती, मग डोळे कसले मारते?

पण वय झालं तशा माझ्या वरच्या पापण्या खाली यायला लागल्या. हळूहळू हो. एकदम काही झालं नाही. दुकानाचं शटर कसं अर्ध्यावर अडकतं, ना धड उघडं ना धड बंद, तसं. मला वाटलं मोतीबिंदूच परत आला. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन तर झालेलं होतं आणि समोरचं छान दिसत होतं. दिसत नव्हतं ते वरचं. माणूस समोर उभा राहिला की मला त्याचा शर्ट दिसायचा, तोंड बघायचं तर हनुवटी वर करावी लागायची. एसटीचा बोर्ड वाचायला तर मी अशी मागे वाकायचे की एकदा कंडक्टरने विचारलं, आजी, चक्कर येतेय का.

आमच्या ह्यांना वाटायचं मला सारखी झोप येते. मी टीव्ही बघत असले की हे येऊन हळूच टीव्ही बंद करून जायचे. मी म्हणायचे, अहो, जागी आहे मी. हे म्हणायचे, मग डोळे उघड की. आता उघडलेलेच होते, आणखी काय उघडणार?

लेकीच्या लग्नाच्या अल्बममध्ये तर मी प्रत्येक फोटोत झोपलेली आहे. कन्यादानाला झोपलेय, सप्तपदीला झोपलेय, पाठवणीच्या फोटोत सगळे रडतायत आणि मी लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपलेय. लग्न पेणला झालं. लेकीचं सासर रामवाडीला. आता लेक आणि जावई नोकरीसाठी नाशिकला असतात, रामवाडीला विहीण आणि व्याही दोघंच.

माझी विहीण कमलताई म्हणजे सोन्यासारखी बाई. माहेर धरमतरच्या खाडीकडचं, वडिलांचं मिठागर होतं. बोलणं त्या पाण्यासारखंच, खारं पण स्वच्छ. पोटात एक नि ओठात एक असं नाही. आणि आमचं दोघींचं जे जमलं होतं, ते बघून लोक म्हणायचे या विहिणी की बहिणी. रोज संध्याकाळी फोन. काय शिजवलं, कुठे दुखतंय, लेक काय म्हणाली. फक्त एका बाबतीत आमचं जमत नसे, ते म्हणजे वालाचं बिरडं. माझं माहेर रोह्याच्या आतल्या बाजूचं, भात कापलं की त्याच शेतात कडवे वाल टाकणारी आम्ही माणसं. बिरडं करावं तर आम्हीच, अशी माझी समजूत. कमलताईंना वाटायचं, वाल कुणाचे का असेनात, मीठ कळलं पाहिजे, नि मीठ कळतं ते मिठागराच्या लेकीला. हे सगळं हसण्यावारी हं. निदान मला तसं वाटत होतं.

तर झालं असं. व्याह्यांनी रामवाडीला जुन्या जागेवर नवीन घर बांधलं आणि वास्तुशांत ठेवली. लेक नाशिकहून येणार, जावई येणार, फोटोग्राफर येणार. फोटोग्राफर म्हटल्यावर मला लग्नाचा अल्बम आठवला. पुन्हा एक झोपलेला अल्बम मला नको होता.

मग मी काय केलं असेल? घरात जखमेवर लावायची पांढरी कागदी चिकटपट्टी होती. तिच्या बारीक फिती कापल्या, पापणी वर ओढली आणि पापणीच्या वळीत अशी चिकटवली की बाहेरून दिसू नये. वर थोडी पावडर. आरशात बघितलं तर डोळे टक्क उघडे. इतकी वर्षं हे का सुचलं नाही असं वाटलं. ह्यांनी बघितलं आणि विचारलं, काय गं, घाबरलीयेस कशाला? मी म्हटलं, घाबरले नाही, उघडले.

पेणला पोचेपर्यंत सगळं उत्तम. फोटोग्राफरने एकदाही काकू डोळे उघडा म्हटलं नाही. मी मनातून अशी फुलले होते की विचारू नका. पण वास्तुशांत म्हणजे होम आलाच. नवीन घर, खिडक्या बंद, धूर कोंडलेला, उकाडा मरणाचा. कपाळावरून घाम खाली यायला लागला आणि त्या चिकटपट्टीचा धीर सुटायला लागला.

पंगत बसली. कमलताई स्वतः बिरडं वाढत होत्या. मला वाढलं आणि मी काय म्हणते ते बघायला तिथेच जरा थबकल्या. मी घास घेतला. एवढ्यात समोरून व्याही जिलबीचं ताट घेऊन आले. आग्रह करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मी नको म्हणायला मान वर केली आणि त्याच क्षणी उजव्या डोळ्यावरची फीत सुटली. पापणी खटकन खाली. मी दचकून भुवई वर ताणली तर डोळा उघडला. सोडली, तर परत मिटला. डावा टक्क उघडा, उजव्याची अशी उघडझाप, आणि तोंडात घास असल्यामुळे ओठ मिटलेले. म्हणजे वरून कसं दिसलं असेल, तुम्हीच विचार करा.

व्याही माझ्याकडे बघून छान हसले आणि पानात दोन जिलब्या जास्तीच्या टाकून पुढे गेले.

बाजूलाच कमलताई उभ्या होत्या. मी वळून बघितलं तर त्यांचा चेहरा पडलेला. त्या बिरड्याचं पातेलं घेऊन दुसऱ्या टोकाला निघून गेल्या. संपलं. मला कळून चुकलं की जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलंय.

निघताना ओटी तेवढी भरली. दर वेळी पोह्याच्या पापडांचं पुडकं पिशवीत कोंबायच्या, ते या वेळी नाही. रोजचा फोन आठवड्यावर आला, मग तोही बंद. मी केला तर बरं हाय, कामात हाय, ठेवते. शेवटी मी लेकीला विचारलं, तुझ्या सासूबाई माझ्याविषयी काही बोलल्या का. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "आई, त्या एवढंच म्हणाल्या, तुझ्या आईच्या डोळ्यांतच मला सगळं दिसलं. तू नक्की केलंस काय?"

आता लेकीला काय सांगू? तुझ्या सासऱ्यांना डोळा मारला म्हणून? मी म्हटलं, काही नाही गं, धूर गेला होता.

मग मात्र मी ठरवलं, या पापण्यांचा सोक्षमोक्ष लावायचा. पेणला एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत, आमच्या लेकीच्या वयाच्या. ह्यांना घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला समोर बसवलं, अंगठ्याने माझ्या दोन्ही भुवया कपाळावर दाबून धरल्या आणि डोळे उघडायला सांगितलं. मी जोर लावला. काही होईना. शटर जिथल्या तिथे.

त्या म्हणाल्या, आजी, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. पापणी वर उचलणारा जो स्नायू असतो, त्याचं टोक वयामुळे सैल पडलंय. पडदा चांगला आहे, दोरी सुटलीय. गेली कित्येक वर्षं तुम्ही पापण्यांनी बघतच नाही, भुवयांनी बघताय. संध्याकाळी कपाळ दुखतं का?

दुखतं म्हणजे? इतकी वर्षं मी त्याला ह्यांच्यामुळे होणारी डोकेदुखी समजत होते.

ऑपरेशन करून ती दोरी परत घट्ट बसवता येते, भूल फक्त डोळ्यांपुरती, त्याच दिवशी घरी, असं त्यांनी समजावलं. मी लगेच हो म्हटलं. ह्यांना मात्र बजावलं, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. लेकीला सांगितलं की ते रामवाडीला पोचणार. मला बरं होऊन, टक्क उघड्या डोळ्यांनी कमलताईंच्या समोर जायचं होतं आणि सांगायचं होतं, बघा, ती माझी नियत नव्हती, पापणी होती.

ऑपरेशनच्या वेळी माणूस जागा असतो, हे तुम्हाला माहीत आहे का? मला नव्हतं. डोळ्यांच्या आजूबाजूला इंजेक्शनं दिली, ती जरा झोंबली, पण मग काही कळेना. डॉक्टरीणबाई आपलं काम करतायत आणि माझ्याशी गप्पा मारतायत. मध्येच मला टेबलावर उठवून बसवलं. म्हणाल्या, समोर बघा, आता वर बघा, डावी जरा जास्त उघडलीय, थोडी सैल करते. शिंपिणीकडे ब्लाउज घालून दाखवतात तसं चाललं होतं. मग परत आडवं करून त्यांनी सहज विचारलं, आजी, इतकी वर्षं काढलीत, आताच ऑपरेशन करावंसं का वाटलं?

खोटं कशाला बोला. मी सगळं सांगितलं. जिलबीपर्यंत आले तेव्हा त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, आजी, जरा गप्प बसा, मला हसू आवरू दे, हातात सुई आहे. बाजूची नर्स तर बाहेरच निघून गेली.

रात्रीचं हॉस्पिटलच्या जवळच ओळखीच्यांकडे राहिलो आणि सकाळी पट्ट्या काढल्या. डोळे उत्तम उघडत होते, पण रंग विचारू नका. दोन्ही डोळ्यांभोवती अशी काळीनिळी सूज, जशी काही पिकलेली जांभळं चिकटवलीत. हे असं होतंच, आठवड्यात उतरेल, म्हणाल्या. फक्त चोळायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे, चुलीजवळ जायचं नाही. मी काळा गॉगल लावला आणि आम्ही पेणच्या एसटी स्टँडवर येऊन बसलो.

इथे खरी मजा झाली, पण ती आम्हाला मागाहून कळली.

थेंबांची वेळ झाली म्हणून मी गॉगल काढला. डोळ्यांना खाज येत होती, हात आपोआप वर गेला. तशी ह्यांनी माझा हात धरला. कंपनीत मशीनच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ह्यांचं साधं बोलणंही पलीकडच्या फलाटावर जातं. हे म्हणाले, "एकदा सांगून कळत नाही तुला? परत असं केलंस तर पुढचं मी काही बघणार नाही."

मागच्या बाकावर कमलताईंच्या शेजारची सुनंदा बसली होती. आम्ही तिला बघितलं नाही. तिने आम्हाला बघितलं. माझे डोळे बघितले, ह्यांनी धरलेला हात बघितला, आणि ऐकलं तर सगळ्या स्टँडनेच होतं. तिची गाडी आली असेल, ती सोडून दिली असणार, कारण आम्ही नागोठणं ओलांडायच्या आत रामवाडीला बातमी पोचली होती. रोह्याच्या व्याह्यांनी बायकोला दोन्ही डोळ्यांवर मारलंय, नि वर स्टँडवर दम भरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत डोळ्यांवर थंड घड्या ठेवून पडले होते. मला चुलीजवळ जायची बंदी, म्हणून हे पोळ्या लाटत होते. दाराची कडी वाजली. हे तसेच उठले आणि हातातल्या लाटण्यासकट दार उघडायला गेले.

दारात कमलताई आणि व्याही. ह्यांच्या हातातलं लाटणं बघून व्याही एक पायरी खाली उतरले. कमलताई मात्र ह्यांच्याकडे न बघता, बाजूने सरळ आत आल्या. माझी खोली शोधली, दार लोटलं, कडी घातली आणि माझ्या खाटेवर येऊन बसल्या. माझ्या डोळ्यांवरची घडी उचलून बघितली आणि त्यांचेच डोळे भरून आले. माझा हात हातात घेतला.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मला सगळं कळलंय. लपवू नका."

मनात म्हटलं, आला तो क्षण. मी तयारी केली होती ती टक्क उघड्या डोळ्यांनी, ताठ मानेने बोलायची. आणि इथे मी जांभळं चिकटवून आडवी पडलेली. पण आता मागे हटायचं नाही.

"कमलताई, चूक माझीच आहे," मी म्हटलं.

"तुमची कसली चूक? बाया ह्येच बोलतात नि सोसत बसतात."

"नाही हो. मारला तो मारलाच. पण मुद्दाम नाही मारला."

"मुद्दाम नाय? दोन्ही डोळे सुजलेत नि मुद्दाम नाय?"

"हे डोळ्यांचं आत्ता झालं. मी त्या दिवशीचं बोलतेय. तुमच्या वास्तुशांतीचं."

त्यांनी माझा हात सोडला. "आमच्या घरात? आमच्या घरात कोनी मारलं?"

"मी."

"तुम्ही? कोनाला?"

"तुमच्या ह्यांना," मी मान खाली घालून म्हटलं. "भर पंगतीत. दोनदा."

कमलताई उठून उभ्या राहिल्या. कडी काढली, दार उघडलं. बाहेर वेगळाच प्रकार चालू होता. व्याही खुर्चीच्या टोकावर बसून आमच्या ह्यांना, या वयात माणसाने रागावर ताबा कसा ठेवावा, हे सौम्य शब्दांत समजावत होते, आणि हे काहीच न कळून, लाटणं मांडीवर घेऊन, बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत होते.

"अहो," कमलताईंनी विचारलं, "वास्तुशांतीला विहीणबाईंनी तुम्हाला मारलं व्हतं काय?"

व्याही विचारात पडले. प्रामाणिक माणूस, एकदम नाही म्हणवेना. दंड चाचपून बघितला. "नाय बा," म्हणाले. "लागलं तर नाय कुठं."

मी उठून दारात आले. म्हटलं आता शेवटपर्यंत जायचंच. चौघांच्या मध्ये उभी राहून, स्वच्छ आवाजात मी जाहीर केलं, "डोळा. मी तुम्हाला डोळा मारला."

तव्यावरची पोळी करपल्याचं सगळ्यांना वासावरून कळलं, पण कुणी हललं नाही.

मग व्याह्यांनी विचारलं, "कधी?"

त्या एका शब्दात माझी किती रात्रींची झोप वाया गेली होती ते मला कळलं. त्यांना काही दिसलंच नव्हतं हो. होमाच्या धुराने चष्मा पुरता धुरकटला म्हणून त्यांनी तो काढून खिशात ठेवला होता. पंगतीत कोण बसलंय ते सोडा, पानात काय आहे तेही दिसत नव्हतं. समोर कुणी मान वर केली की हसायचं आणि दोन जिलब्या टाकायच्या, एवढंच ते करत होते. म्हणे एका माणसाच्या ताकातसुद्धा त्यांनी जिलबी टाकली.

मी कमलताईंकडे वळले. म्हटलं, पण तुम्ही तर बघितलंत. तुमचा चेहरा पडला. लेकीला म्हणालात की माझ्या डोळ्यांत सगळं दिसलं.

"दिसलंच व्हतं," कमलताई फणकाऱ्याने म्हणाल्या. "मी बिरडं वाढलं, तुम्ही घास घेतलात नि भुवया अशा वर केल्यात." त्यांनी करून दाखवलं. अगं बाई. बाजारात सडकं वांगं उचलून बघणाऱ्या बाईचा चेहरा. "नि हनुवटी अशी. माझ्या मिठाला रोह्याची मानसं भुवया उडवतात, म्हनून मला राग आला. डोळ्याबिळ्याचं मला कायबी ठाऊक नाय."

म्हणजे बघा. ज्यांना डोळा मारला त्यांना ठाऊक नाही, ज्यांनी बघितला म्हणून मी मरत होते त्यांना ठाऊक नाही. अख्ख्या रायगड जिल्ह्यात ही गोष्ट तिघींनाच माहीत होती, मला, डॉक्टरीणबाईंना आणि त्यांच्या नर्सला. आणि ती मी माझ्या तोंडाने, माझ्याच नवऱ्यासमोर, व्याह्यांना ऐकवली होती. ह्यांनी तर पहिल्यांदाच ऐकली. ह्यांचं म्हणणं एवढंच होतं, की लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी मारला नाहीस.

मग मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुटलेली दोरी, चिकटपट्टी, भुवयांनी बघणं, टेबलावर उठवून बसवणं. कमलताई ऐकता ऐकता खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मलाही हसू यायला लागलं, पण टाके ताणत होते, म्हणून मी डोळ्यांखालच्या भागानेच हसत होते. व्याह्यांनी आमच्या ह्यांची हात जोडून माफी मागितली. ह्यांना अजून कळलं नव्हतं की माफी कशाची. कळल्यावर हे गंभीर झाले, लाटणं आत ठेवून आले आणि म्हणाले, त्या सुनंदाबाईंना आमच्याकडे जेवायला बोलवा, पोळ्या मी करीन.

पण एक गोष्ट मी त्या दिवशी मनात लिहून ठेवली. बाई माझ्यावर रुसली होती. फोन बंद केले होते. पण मला कुणी मारलंय असं नुसतं कानावर आलं आणि ती पहिली गाडी पकडून रोह्याला आली, लाटणंवाल्या माणसाच्या बाजूने निघून माझ्या खाटेवर येऊन बसली. निघताना मला हळूच म्हणाल्या, रुसवा बिरड्याचा व्हता, मानसाचा नाय. ह्याच्याहून मोठं काय मिळायचं माणसाला?

टाके निघाले, सूज उतरली, आणि मग काय विचारता. मी रोह्याच्या स्टँडवर उभी राहून पेणची गाडी येताना लांबूनच बोर्ड वाचला, मान न वाकवता. मोठ्याने वाचला. आजूबाजूच्या माणसांना वाटलं मी कंट्रोलरच आहे, एकजण मला अलिबागची गाडी विचारायला आला. सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला. भुवया आपल्या जागी उतरल्या आणि संध्याकाळची डोकेदुखी गेली. तशी ह्यांच्यावरचा एक जुना आरोपही मागे घ्यावा लागला.

पुढे अनंत चतुर्दशीनंतरच्या साखरचौथीला कमलताईंकडे गणपती बसला, तेव्हा मी गेले. रामवाडीच्या सगळ्या बायका माझे डोळे बघायला जमल्या होत्या. गणपतीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त. एक म्हणाली, विहीणबाई धा वर्सांनी ल्हान दिसतात. दुसरीने तिथल्या तिथे स्वतःची पापणी बोटाने उचलून मला विचारलं की माझी पन दोरी सुटलेली हाय काय गो. सुनंदा तर सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या आईच्या पापण्या अगदी माझ्यासारख्याच, झोपाळू म्हणून तिला सगळे ओरडायचे. मी स्वतः त्या म्हातारीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी मला बघताच दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

कमलताईंनी त्या दिवशी बिरडं वाढलं आणि समोर पाट ओढून बसल्याच, माझ्या भुवयांवर नजर ठेवून. मी घास घेतला. भुवया हलल्या नाहीत. आणि उघड्या डोळ्यांनी सांगते, बिरडं आमच्याकडच्यापेक्षा सरस होतं. मी तसं सगळ्यांदेखत म्हटलं. त्या क्षणी कमलताईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मिळालं, एवढ्यासाठीसुद्धा मी ते ऑपरेशन परत करून घेईन.

आता रोजचा फोन परत सुरू आहे. परवा त्या म्हणाल्या, यायचं असेल तर एक दिवस आधी सांगत जा. मला जरा लागलंच. म्हटलं, कमलताई, मी काय परकी आहे? माझ्यासाठी कशाला काही करत बसता, असेल ते वाढा.

"तुमच्यासाठी नाय वो," कमलताई म्हणाल्या. "तुम्ही येनार म्हटलं का ह्यांना केस काळे करायला लागतात. नि ते वाळायला वेळ जातो."